प्रौढांतील हृदयस्थ ग्रंथी व अर्बुदे : निदानविचार

हृद्रोग हा शब्द उच्चारताच आज रुग्णाच्या, आणि बहुधा वैद्याच्याही, मनात हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांतील अवरोध उभा राहतो. त्याखालोखाल झडपांचे विकार, हृदयस्नायूंचे दौर्बल्य आणि स्पंदनांची अनियमितता यांचा विचार होतो. हृदयाच्या पोकळीत अथवा भिंतीत एखादी गाठ वाढत असेल, ही शक्यता सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती न येणे स्वाभाविकही आहे. कारण असे रुग्ण अत्यंत विरळ. शवविच्छेदनांच्या मोठ्या संकलनांवरून, हृदयातच मूळ धरून उत्पन्न होणाऱ्या अर्बुदांचे प्रमाण दर १०,००० शवांमागे सुमारे २ एवढेच सांगितले जाते. मग सर्वसाधारण चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याने या विषयात शिरण्याचे प्रयोजन काय?

प्रयोजन तीन प्रकारचे आहे. पहिले असे की, प्रौढांच्या हृदयात मूळ धरणाऱ्या अर्बुदांपैकी बहुसंख्य अर्बुदे सौम्य, म्हणजे कर्करोगाच्या स्वरूपाची नसलेली असतात आणि शस्त्रकर्माने ती समूळ काढता येतात. दुसरे असे की, सौम्य असूनही ती निरुपद्रवी नसतात. त्यांचा एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो आणि गाठीने झडपेचे मुख अकस्मात अडविले तर मृत्यूही ओढवतो. तिसरे व आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे की, हा रुग्ण आरंभी हृद्रोगतज्ज्ञाकडे जातच नाही. रेंगाळणारा ज्वर, घटते वजन, थकवा, सांधेदुखी अशा तक्रारी घेऊन तो आपल्याकडे येतो. गाठ दाखविणारे उपकरण आज जिल्ह्याच्या ठिकाणी सहज उपलब्ध आहे. परंतु त्या उपकरणापर्यंत रुग्णास नेतो तो प्रथम पाहणाऱ्या चिकित्सकाचा संशय. प्रस्तुत लेखात या संशयाला कोणता आधार असावा आणि त्यापुढील निदान कोणत्या क्रमाने व्हावे, याचा आपण विचार करणार आहोत.

शास्त्रातील आधार व त्याची मर्यादा

चरकसंहितेत हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील कृमिज हृद्रोगाची संप्राप्ती सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात येते. त्रिदोषज हृद्रोगाच्या रुग्णाने तीळ, दूध, गूळ इत्यादींचे सेवन चालूच ठेवले असता हृदयरूपी मर्माच्या एका भागात ग्रंथी उत्पन्न होते, तेथे क्लेद साचतो व त्यातून पुढील विकृती घडते, असा त्या वर्णनाचा आशय आहे. हृदयाच्या ठिकाणी ग्रंथी होऊ शकते ही कल्पना आपल्या आचार्यांना अपरिचित नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

सुश्रुतांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले आहे. गोल, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असे ते असते. मर्मस्थानी व स्रोतसांत उत्पन्न झालेले अर्बुद त्यांनी असाध्य मानले आहे. हृदय हे शिर व बस्ती यांच्यासह त्रिमर्मांत गणले जाते, हे येथे लक्षात घ्यावे.

मात्र या आधाराची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ग्रंथोक्त कृमिज हृद्रोग म्हणजेच आजचा मिक्सोमा, असे समीकरण मांडण्यास पुरेसा आधार नाही. तसेच असाध्यतेचा निर्णय त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांच्या संदर्भात होता. १९५४ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे क्लॅरन्स क्राफोर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने डाव्या अलिंदातील मिक्सोमा यशस्वीपणे काढला. तेव्हापासून हा व्याधी योग्य वेळी सापडल्यास शस्त्रसाध्य झाला आहे. व्याधीला नेमके नाव देता आले नाही तरी वैद्याने लाज मानू नये, त्याचे हेतू, अधिष्ठान व प्रकृती ओळखावी, हा चरकांचा उपदेश मात्र येथे पूर्णतः लागू पडतो. आपण नाव देण्याची घाई करू नये. अधिष्ठान हृदय असू शकते, हे ओळखणे पुरेसे आहे.

गाठ दिसली म्हणजे अर्बुदच असे नव्हे

हृदयात आढळणाऱ्या सर्व वस्तुमानांत अर्बुदांचा क्रम बराच खाली लागतो. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘हे अर्बुद कोणत्या जातीचे?’ असा नसून ‘हे अर्बुद आहे काय?’ असा असतो.

सर्वांत अधिक आढळते ती रक्ताची गुठळी. संधिवाताच्या तापामुळे मिट्रल झडप आकुंचित झालेल्या आणि स्पंदने अनियमित असलेल्या रुग्णात ती डाव्या अलिंदात, विशेषतः अलिंदाच्या कानासारख्या पिशवीत, साठते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर डाव्या निलयाच्या टोकाशी, जेथील भिंत हलेनाशी होते तेथे, ती तयार होते. डायलिसिससाठी अथवा अन्य कारणाने मोठ्या शिरेत नळी ठेवलेल्या रुग्णात ती नळीच्या टोकाशी, उजव्या अलिंदात आढळू शकते.

दुसरा प्रकार जंतुसंसर्गाने झडपेवर साचणाऱ्या पुंजक्यांचा. यात ज्वर, हृदयातील मर्मर ध्वनी व रक्तातील जंतू या गोष्टी एकत्र येतात.

तिसरा प्रकार म्हणजे हृदयाच्या स्वाभाविक रचनाच गाठीसारख्या भासणे. याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. डाव्या अलिंदाची पिशवी आणि डावीकडील वरची फुप्फुसशीर यांच्यामध्ये ऊतीची एक नैसर्गिक कड असते. पूर्वी तिलाच गुठळी समजून रुग्णांना रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन दिले गेले. त्यामुळे त्या कडेस पुढे वॉरफेरिनचेच नाव पडले.

चौथा प्रकार अन्य अवयवांतील कर्करोग हृदयापर्यंत पोहोचण्याचा. हृदयात मूळ धरणाऱ्या अर्बुदांपेक्षा अशी दुय्यम अर्बुदे किमान २० पट अधिक आढळतात. फुप्फुस, स्तन, अन्ननलिका, रक्त व लसीका यांचे कर्करोग, तसेच त्वचेचा मेलॅनोमा यांत ही शक्यता असते. मूत्रपिंडाचा कर्करोग तर अधोमहाशिरेतून सरकत उजव्या अलिंदापर्यंत वाढू शकतो. म्हणून पूर्वी कर्करोगाची चिकित्सा झालेल्या रुग्णास नव्याने दम लागू लागल्यास किंवा हृदयावरणात पाणी साचल्यास हा विचार प्रथम करावा. आपल्या देशात क्षयाची गाठ आणि कुत्रा-मेंढ्यांच्या संसर्गातून होणारी हायडॅटिड पुटी हीही क्वचित हृदयात आढळते. हायडॅटिड पुटीचा संशय असताना तिच्यात सुई घालणे धोक्याचे असते, कारण तिच्यातील द्रव पसरल्यास तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया उद्भवू शकते.

या सर्वांनंतर मूळ अर्बुदे येतात. प्रौढांत त्यांपैकी मिक्सोमा हा दीर्घकाळ सर्वांत प्रमुख मानला गेला आहे. तो सुमारे ७५ ते ८० टक्के रुग्णांत डाव्या अलिंदात, दोन अलिंदांमधील पडद्याला देठाने चिकटलेला असतो. ३० ते ६० या वयात व स्त्रियांत तो अधिक आढळतो. झडपांवर, विशेषतः महाधमनीच्या झडपेवर, वाढणारा पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा आकाराने लहान, बहुधा दीड सेंटिमीटरच्या आत असतो. परंतु तोही पक्षाघातास कारण होतो. मेदाची गाठ बहुधा निरुपद्रवी असते. घातक अर्बुदांत अँजिओसार्कोमा प्रमुख असून तो प्रायः उजव्या अलिंदात वाढतो व हृदयावरणात रक्तमिश्रित द्रव साठवितो.

मिक्सोमाची तीन रूपे

मिक्सोमाची लक्षणे तीन गटांत पडतात. रुग्णात एकच गट असेल, दोन असतील किंवा तिन्ही असतील.

पहिला गट सार्वदेहिक लक्षणांचा. मंद ज्वर, अरुची, वजन घटणे, थकवा, सांधे व स्नायू दुखणे ही लक्षणे अनेक आठवडे टिकतात. गाठीतून इंटरल्युकिन-६ नावाचे द्रव्य स्रवते व त्यामुळे दाह नसताही दाहाची सर्व चिन्हे शरीरात उमटतात. ई.एस.आर. व सी.आर.पी. वाढतात, रक्त कमी होते. असा रुग्ण जीर्णज्वर, आमवात किंवा राजयक्ष्मा यांचा भासणे साहजिक आहे. आधुनिक चिकित्सालयातही त्याचे निदान क्षय, रक्तवाहिन्यांचा दाह अथवा झडपेचा जंतुसंसर्ग असे होते. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण अधिक असल्याने पुराव्यावाचून क्षयाची औषधे सुरू होण्याचा संभवही अधिक.

दुसरा गट अवरोधाच्या लक्षणांचा. अलिंदातील गाठ प्रत्येक स्पंदनाबरोबर झडपेच्या मुखाशी येते-जाते. त्यामुळे दम लागणे, रात्री श्वास कोंडून उठणे, छातीत धडधड, भोवळ किंवा मूर्च्छा ही लक्षणे होतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की ती शरीराच्या स्थितीनुसार बदलू शकतात. एका कुशीवर वळताच दम लागणे व कूस बदलताच तो ओसरणे, वाकताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, अशी हकिकत रुग्णाने सांगितली तर ती मनाचा खेळ म्हणून सोडू नये.

तिसरा गट वाहत गेलेल्या तुकड्यांचा. मिक्सोमाचा पृष्ठभाग मऊ व ठिसूळ असेल तर त्याचे कण किंवा त्यावर साचलेली गुठळी सुटून धमन्यांतून जाते. मेंदूत गेल्यास पक्षाघात, वाचा जाणे अथवा एका डोळ्याची दृष्टी जाणे. हातापायाच्या धमनीत गेल्यास तो अवयव अकस्मात थंड, फिकट व वेदनायुक्त होणे. त्वचेतील सूक्ष्म वाहिन्यांत गेल्यास बोटांच्या टोकांवर लाल-निळे ठिपके उमटणे, असे परिणाम होतात. यातील सर्वांत फसवे रूप म्हणजे काही मिनिटांत नाहीसे होणारे लक्षण. हात लुळा पडून अर्ध्या तासात पूर्ववत झाला, की रुग्ण व नातेवाईक निश्चिंत होतात. वस्तुतः तो पुढील मोठ्या आघाताचा इशारा असतो.

चिकित्सालयात करावयाचे परीक्षण

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेला येथे पूर्ण वाव आहे. दर्शनात फिकटपणा, नखांचे फुगणे, बोटांच्या टोकांवरील ठिपके, मानेच्या शिरांची फुगवट व पायांवरील सूज पाहावी. ओठ, पापण्या व चेहरा यांवर लहानपणापासून तपकिरी-काळे ठिपके असतील आणि कुटुंबात कोणास हृदयातील गाठ किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा विकार झाला असेल, तर त्याची नोंद अवश्य करावी. मेयो क्लिनिकमधील कार्नी यांनी १९८५ मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले. अशा कुटुंबांत मिक्सोमा तरुण वयात, एकापेक्षा अधिक ठिकाणी आणि शस्त्रकर्मानंतर पुन्हाही होतो.

स्पर्शनात दोन्ही मनगटांवरील व दोन्ही पायांवरील नाड्या तुलना करून पाहाव्यात. एखादी नाडी क्षीण वा लुप्त असल्यास ते महत्त्वाचे चिन्ह होय. नाडीची अनियमितताही नोंदवावी.

श्रवणयंत्राने ऐकताना मिट्रल झडपेच्या आकुंचनासारखाच मर्मर ध्वनी कानी पडू शकतो. काही रुग्णांत हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीनंतर गाठ निलयाकडे उतरताना ‘धप्’ असा खालच्या पट्टीतील ध्वनी येतो. तो थोड्याच रुग्णांत ऐकू येतो. म्हणून तो न ऐकू आल्याने गाठ नाही असे ठरत नाही. रुग्णास बसवून, उताणे निजवून व डाव्या कुशीवर वळवून अशा तिन्ही स्थितींत ऐकावे. ध्वनी स्थितीनुसार बदलत असेल तर संशय बळावतो. हृदयाचा विद्युत् आलेख व छातीचे क्ष-किरण चित्र सामान्य असले तरी गाठ नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

एका कल्पित रुग्णाचा विचार

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ४४ वर्षांची एक स्त्री चार महिने सायंकाळच्या मंद ज्वराची तक्रार करते. वजन ६ किलोने घटले आहे. सांधे दुखतात, पण सुजत नाहीत. ई.एस.आर. ९०, हिमोग्लोबिन ९. थुंकीची तपासणी व छातीचे चित्र यांत क्षयाचा पुरावा नाही. ज्वरघ्न व आमपाचक औषधांनी थोडा उतार पडतो, पुन्हा लक्षणे येतात. विचारल्यावर ती सांगते की डाव्या कुशीवर झोपणे तिने सोडून दिले आहे. आणि जाता जाता तिचा मुलगा सांगतो की मागील आठवड्यात वीस मिनिटे तिची जीभ अडखळत होती.

यातील प्रत्येक लक्षणाचे स्वतंत्रपणे दुसरे, कितीतरी अधिक आढळणारे कारण असू शकते. ज्वराची कारणे शंभर, सांधेदुखीची तितकीच. परंतु सार्वदेहिक, अवरोधजन्य व तुकडे वाहून गेल्याने होणारी अशी तिन्ही लक्षणे एका रुग्णात एकवटली, की त्या सर्वांचे समान अधिष्ठान शोधणे प्राप्त होते. असे अधिष्ठान हृदय आहे. या स्त्रीस त्याच दिवशी इकोसाठी व हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. तिला मिक्सोमा असेलच असे नाही. कदाचित आकुंचित मिट्रल झडप व अलिंदातील गुठळी निघेल, कदाचित झडपेचा जंतुसंसर्ग. त्यांपैकी काहीही निघाले तरी तपासणी वाया जात नाही. कारण या सर्व अवस्था तातडीच्याच आहेत.

येथे चिठ्ठीचे महत्त्व सांगणे आवश्यक वाटते. केवळ ‘इको करावा’ असे लिहून पाठविल्यास तपासणाऱ्याचे लक्ष स्नायूंच्या शक्तीकडे केंद्रित होऊ शकते. त्याऐवजी ज्वराचा कालावधी, वजनातील घट, स्थितीनुसार बदलणारा श्वास, वाचेचा क्षणिक विकार हे सर्व नमूद करून ‘अलिंदात गाठ, गुठळी अथवा झडपेवर पुंजका आहे काय?’ असा स्पष्ट प्रश्न लिहावा.

आणखी एक दक्षता. ज्वर व मर्मर ध्वनी एकत्र असताना प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी रक्ताच्या जंतुपरीक्षेसाठी नमुने घेतले गेले पाहिजेत. सामान्यतः तीन संच घेतात. एखादी मात्रा आधी दिली गेली तर जंतू वाढत नाहीत व निदान अंधारात राहते. स्टेरॉइडने तर मिक्सोमाचा ज्वर व सांधेदुखी दोन्ही दबतात आणि रुग्ण बरा झाल्याचा आभास होतो.

इकोपासून ऊतिपरीक्षेपर्यंत

ध्वनिलहरींनी हृदयाचे चलन टिपण्याचे तंत्र स्वीडनमधील लुंड येथे एड्लर व हर्ट्झ यांनी १९५३ साली प्रथम वापरले. १९५९ मध्ये जर्मनीतील एफर्ट व डोमानिग यांनी त्याने डाव्या अलिंदातील गाठ ओळखली. त्यापूर्वी जिवंत रुग्णात असे निदान क्वचितच होई. आजही छातीवरून केला जाणारा इको हीच पहिली पायरी आहे. त्यात गाठीचे स्थान, आकार, देठ, चलन व झडपेवरील परिणाम समजतो. अलिंदाची पिशवी, झडपांवरील लहान गाठी आणि चिकटण्याची नेमकी जागा पाहण्यासाठी अन्ननलिकेतून केला जाणारा इको अधिक उपयुक्त ठरतो.

इकोच्या निष्कर्षाचा अर्थ लावताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : स्थान, हृदयाची इतर स्थिती आणि रुग्णाचा पूर्ववृत्तान्त. अलिंदांमधील पडद्याला देठाने लटकलेली, हलणारी गाठ मिक्सोमा सुचविते. न हलणाऱ्या भिंतीलगतची निलयाच्या टोकाशी असलेली गाठ गुठळी सुचविते. तेथील भिंत उत्तम हलत असेल तर गुठळीची शक्यता कमी होते. रुंद बुडाची, भिंतीत घुसलेली, हृदयावरणात द्रव साठविणारी उजव्या बाजूची गाठ घातकतेचा संशय निर्माण करते.

शंका उरल्यास हृदयाचा एम.आर.आय. करतात. त्यात ऊतीचे गुणधर्म कळतात. मेदाची गाठ मेदाचा संकेत दाबताच काळी पडते. गुठळीत रक्तवाहिन्या नसल्याने ती सहसा कॉन्ट्रास्ट द्रव्य शोषत नाही. अर्बुद ते कमीअधिक प्रमाणात शोषते. मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या रुग्णाची कल्पना तपासणीपूर्वी द्यावी, कारण गॅडोलिनियमयुक्त द्रव्य अशा रुग्णात जपून वापरावे लागते. सी.टी. स्कॅनने कॅल्शियमचे थर, फुप्फुसे व रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध दिसतो. घातक अथवा दुय्यम अर्बुदाच्या संशयात पेट स्कॅनने अन्य ठिकाणचा प्रसार शोधता येतो.

गुठळीचा संशय प्रबळ असेल तर तज्ज्ञ काही काळ रक्त पातळ ठेवणारी औषधे देऊन पुन्हा इको करतात. गुठळी लहान होते, अर्बुद तसेच राहते. गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी हे जे चरकांनी सांगितले, त्याच तत्त्वाचा हा उपयोग म्हणता येईल. मात्र हा प्रयोग तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा, आणि लक्षणांचा तात्पुरता उतार हा उपशय समजू नये. कारण तुकडे वाहून जाण्याची लक्षणे स्वभावतःच येतात व जातात.

अंतिम निदान ऊतिपरीक्षेनेच होते. डाव्या बाजूच्या, मिक्सोमासारख्या दिसणाऱ्या गाठीतून सहसा आधी तुकडा घेत नाहीत, कारण तसे करताना कण सुटण्याचा धोका असतो. गाठ समूळ काढून मगच तिची परीक्षा करतात. उजव्या बाजूच्या, घातक वाटणाऱ्या गाठीत मात्र प्रथम बायॉप्सी उपयुक्त ठरू शकते. विशेषतः लिम्फोमा असल्यास चिकित्सा शस्त्रकर्माने नव्हे तर औषधांनी करावयाची असते. हातापायाच्या धमनीतून काढलेली प्रत्येक गुठळीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जावी. कित्येकदा त्या तुकड्यातच मिक्सोमाच्या पेशी सापडतात आणि हृदयातील गाठीचा पहिला पुरावा तेथून मिळतो.

आपल्या चिकित्सेची व औषधालयांची मर्यादा

निदान निश्चित झालेल्या मिक्सोमात शस्त्रकर्म विनाविलंब करण्याचाच सल्ला दिला जातो. कांचनार गुग्गुळाचा ग्रंथी व अर्बुद यांवरील उल्लेख शार्ङ्गधरसंहितेत आहे, अर्जुनाचा हृद्य म्हणून उपयोग परंपरेने चालत आला आहे. तथापि हृदयाच्या पोकळीतील गाठ या कल्पांनी विरघळते असा पुरावा नाही. ‘तीन महिने औषध घेऊन पाहू’ हा सल्ला अन्य ग्रंथींच्या बाबतीत कदाचित चालेल. येथे त्या तीन महिन्यांत पक्षाघात होऊ शकतो. चरकांनी सिद्धिस्थानात हृद्रोगी रुग्णास वमनास अयोग्य म्हटले आहे. हृदयात गाठीचा संशय असताना शोधनकर्मे पूर्णतः स्थगित ठेवावीत.

औषधालयांच्या चालकांकडेही या साखळीतील एक कडी आहे. ज्वराचे, सांधेदुखीचे वा शक्तिवर्धक औषध महिनोन्‌महिने नेणाऱ्या ग्राहकास वजन घटते का, दम लागतो का, एवढे दोन प्रश्न विचारावेत व वैद्याकडे परत पाठवावे. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारोल घेणाऱ्या रुग्णाची नोंद ठेवावी. आहारातील बदल व अनेक वनस्पती यांनी या औषधांचा परिणाम डळमळतो. लसूण, गुग्गुळ यांच्या कल्पांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढण्याची शक्यता ध्यानात घेऊन चिकित्सकास कळविल्यावाचून ते देऊ नयेत. यष्टिमधूच्या दीर्घ व अधिक मात्रेतील सेवनाने शरीरात पाणी साठते व पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन घेणाऱ्या हृद्रोग्यास ते अपायकारक होऊ शकते. घटकद्रव्ये न छापलेली ‘गुणकारी’ चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असेल तर ज्वर दबेल व गाठ वाढत राहील. जाहिरातींबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात हृद्रोग, कर्करोग व अर्बुदे यांचा समावेश आहे.

शस्त्रकर्मानंतर रुग्ण पुन्हा आपल्याकडेच येतो. अग्निदीपन, बृंहण, निद्रा, आहारविहार यांत त्यास आपले साहाय्य लाभदायक ठरते. त्याच वेळी त्याचा नियतकालिक इको होतो की नाही, हे आपण पाहावे. कौटुंबिक स्वरूपाच्या मिक्सोमात रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांचीही तपासणी करवून घ्यावी.

उपसंहार

तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला, कारण न सापडलेला ज्वर. स्थितीनुसार बदलणारा दम वा भोवळ. तरुण अथवा मध्यम वयात, रक्तदाब व मधुमेह नसताना आलेला पक्षाघात, मग तो क्षणिक का असेना. अकस्मात थंड पडलेला हात वा पाय. पूर्वी कर्करोग झालेल्याच्या हृदयावरणात साचलेले पाणी. या पाचांपैकी कोणतेही एक आढळले तरी हृदयाचा इको करवून घ्यावा, आणि दोन आढळली तर तो त्याच दिवशी करवून घ्यावा, एवढा नियम आपण पाळला तरी पुष्कळ साधेल.

आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यभरात असा रुग्ण एखादाच भेटेल, कित्येकांना भेटणारही नाही. परंतु ज्यास भेटेल त्याने तो ओळखला, तर ज्वराने कृश झालेला तो रुग्ण शस्त्रकर्मानंतर स्वतःच्या पायांनी घरी जाईल. न ओळखल्यास कदाचित अर्धांगवायूने खिळून राहील. आपल्या हाती असलेले कार्य एक नेमका प्रश्न विचारण्याचे व एक नेमकी चिठ्ठी लिहिण्याचे आहे. ते वेळेवर व्हावे, एवढीच आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधालय-चालकांना विनंती आहे.